दुधीची चकती

बेडकाला साध्या पाण्याचीही चव लागते. ऋजुता चौगुलेला ही गोष्ट पुस्तकात वाचायच्या आधी कानांनी ऐकायला मिळाली. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत ती तेव्हा नवी होती. टेबलावर भूल दिलेला बेडूक, त्याच्या जिभेकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर टेकवलेली केसाएवढी तार, आणि तारेचं दुसरं टोक एका जुनाट स्पीकरला. इनामदार सरांनी जिभेवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि तापल्या तेलात मोहरी पडावी तसा स्पीकर तडतडला. जीभ धुऊन, थोडं थांबून त्यांनी नुसतं पाणी सोडलं. तरी तडतड झालीच. कडू क्विनीन सोडलं तेव्हा मात्र आवाजाची चाल बदलली. थांबून थांबून, कुरकुरल्यासारखा.

"ऐकलंस?" सर म्हणाले. "नस कुरकुरते आहे. हे गिळू नकोस, थुंकून टाक, असं ती मेंदूला सांगते आहे."

घरी जेवताना ऋजुताने हे सांगितलं तेव्हा अण्णा भलतेच खूश झाले. त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेलेली. "पाण्याला चव असती म्हणून मी घसा कोरडा करून सांगत होतो, कुणी ऐकतंय का!" ते म्हणाले. आई, म्हणजे सुमतीबाई, भाकरी वाढता वाढता थांबली. चौगुल्यांचं घर जैन. भाजी चिरायची तर आधी अळी नाही ना ते बघायचं, ही तिथली रीत.

"त्या बेडकाला दुखत नाही ना गं?" तिने विचारलं.

"भूल देतो आई. सगळ्या परवानग्या घेऊन."

"परवानगी बेडकाची घेतलीस काय?" आई म्हणाली, आणि वर हसलीही. पण पर्युषण संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी, सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागून झाली, तेव्हा तिने लेकीला बजावलं, "उद्या गेलीस की त्या जिवांचीपण माग." ऋजुताने मान डोलावली. मागितली मात्र नाही. प्रयोगशाळेत चार लोकांसमोर बेडकाला हात जोडायचे म्हणजे कसंतरीच.

पुढच्या काही वर्षांत त्या कुरकुरीतूनच रसपट्टी निघाली. कल्पना साधी. बेडकाच्या जिभेतून जाते तशीच नस माणसाच्या जिभेच्या मागच्या भागातूनही जाते, आणि कडू ओळखण्याचं मोठं काम तो मागचा भागच करतो. नसेत खारटाचे, गोडाचे, कडूचे धागे वेगवेगळ्या लयीत बोलतात. बरोबर त्या लयीवर नेमका विजेचा हलका प्रवाह सोडला, तर एक धागा गप्प बसतो किंवा मोठ्याने बोलतो, आणि बाकीचे तसेच बोलत राहतात. इनामदार सरांच्या गटाने नखाएवढी पातळ पट्टी तयार केली. दाढेच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि फोनवरून कमी-जास्त करायची. मीठ तोडलेल्या माणसाला अळणी आमटी खारी लागायची. औषधांनी तोंड कडू पडलेल्याला घास जाऊ लागायचा. सध्या ती निवडक रुग्णांवर तपासली जात होती, आणि तिला एक नियम होता. कडू निम्म्याच्या खाली उतरवायचं नाही. कडू ही राखण आहे, राखणदाराला झोप लागली तर चालेल, पण त्याला मारायचं नाही, असं सर प्रत्येक भाषणात सांगत.

राखणदार मेल्यावर काय होतं ते ऋजुताने बघितलं होतं. एका बेडकाच्या नसेतलं कडू तिने पूर्ण बंद केलं होतं, आणि शुद्धीवर आल्यावर त्याच्यापुढे एक कडू, विषारी भुंगेरा सोडला होता. असला भुंगेरा तोंडात आला की बेडूक जीभ पुसून पुसून थुंकतो. या पठ्ठ्याने गिळला. सकाळी मरून पडलेला सापडला. आधीच आजारी असणार, असं ऋजुता सरांना म्हणाली, आणि सरांनाही तेच ऐकायचं होतं. तिने तो मागच्या आवारात कडुनिंबाखाली पुरला. माती लोटताना आईचं वाक्य आठवलं. तेव्हाही तिने हात जोडले नाहीत.

मग अण्णांना घशाचा कॅन्सर झाला. किरणांच्या उपचारांनी गाठ गेली, पण जाताना जिभेची चवही घेऊन गेली, आणि मागे ठेवला फक्त कडवटपणा. भात कडू, दूध कडू, स्वतःची थुंकीसुद्धा कडू. ज्या माणसाने आयुष्यभर तिकटीवरच्या गाड्यावरल्या भज्यांना नावं ठेवत ती संपवली, तो माणूस ताटासमोर बसून लहान मुलासारखा डोळे पुसायचा. आई समोर बसून एकेक घास भरवायची.

"कडू नाही हो. तुमच्या तोंडाला लागतंय तसं. माझ्यावर भरवसा ठेवा आणि गिळा."

आणि अण्णा गिळायचे. बायको सांगते कडू नाही, तर नसेल कडू. तेवढ्या एका वाक्यावर ते कसेबसे तगले.

ऋजुताने त्यांचं नाव तपासणीच्या यादीत घातलं आणि पट्टी बसवली. निम्म्यावर काही भागेना. आधी घाणेरडं कडू लागत होतं ते आता नुसतं कडू लागतं, एवढंच, असं अण्णा म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची बाही खांद्यावरून खाली घसरत होती. ऋजुताने फोन हातात घेतला. नियम तिच्यासमोरच लिहिला गेला होता, आणि तो ओलांडायची किल्लीही तिच्याजवळ होती. तिने कडू शून्यावर नेलं.

अण्णांनी वरणभाताचा घास घेतला. थांबले. मग दुसरा घेतला. "अगं ए," ते आईला म्हणाले, "हिंग जास्त झालाय की."

आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ऋजुतालाही रडू आलं. असलं काम करण्यासाठीच तर माणूस विज्ञान शिकतो, असं तिला वाटलं, आणि त्या घटकेला ते खोटंही नव्हतं. शून्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. सरांना नाही, अण्णांनाही नाही.

अण्णा भरले, माणसात आले, आणि त्यांनी घरातलं आपलं खातं पुन्हा ताब्यात घेतलं. ते खातं म्हणजे भाजी. आईला रक्तदाबासाठी रोज सकाळी दुधीचा रस लागायचा. पुदिना आणि लिंबू घालून, कारण आलं कंदमूळ, ते त्यांच्याकडे चालत नाही. बाजारातून दुधी आणायचा अण्णांनी. उजेडात धरून, कुठे भोक पडलंय का, आत अळी आहे का, ते बघायचं अण्णांनी. देठाकडची चकती कापून चाखायची अण्णांनी. एखादा दुधी कडू निघतो, आणि कडू दुधी विषारी असतो, हे त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून तर चकती चाखायची. आजारपणात हे काम आईने केलं होतं. आता अण्णांनी सुरी तिच्या हातातून काढून घेतली.

"बाजूला हो. माझी जीभ परत आलीय."

ऋजुता तेव्हा दारात चप्पल घालत होती. हे वाक्य तिने ऐकलं. तिच्या मनात काहीतरी टोचलंही. पण सरांचा फोन आला, पट्टी बाजारात आणायला मान्यता देणाऱ्या समितीची तारीख ठरली होती, आणि ती बोलत बोलत जिना उतरून गेली.

त्यानंतर बरेच दुधी गोड निघाले. एक कडू निघाला.

त्या दिवशी ऋजुता घरातच होती, रविवार होता. अण्णांनी चकती चाखली, "गोड आहे" म्हणाले, किसून पिळून रस केला. आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, कडू लागतोय की."

अण्णांनी पेला घेऊन स्वतः घोटभर पिऊन बघितला. आणि हसले. इतके महिने जे वाक्य तिच्याकडून ऐकलं होतं ते परत द्यायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

"कडू नाही गं. तुझ्या तोंडाला लागतंय तसं. माझ्यावर भरवसा ठेव आणि गिळ."

आईसुद्धा हसली. डोळे मिटून तिने अख्खा पेला एका दमात संपवला. नवऱ्यावरचा भरवसा दाखवून द्यायची ती एक गंमत होती. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या ऋजुताला दोघांचं हसू ऐकू आलं आणि बरं वाटलं.

थोड्याच वेळात आई मोरीत ओणवी झाली. आधी नुसत्या उलट्या. मग उलटीत रक्त. हात गार पडले, बोलता येईना. अण्णांनाही मळमळत होतं, पण घोटभरच पोटात गेल्यामुळे ते निभावलं. दवाखान्यात नेईपर्यंत आईची नाडी लागत नव्हती.

अतिदक्षता विभागाच्या दारात एका तरुण डॉक्टरने विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंय? दुधीचा रस वगैरे?"

"रस घेतलाय," अण्णा म्हणाले, "पण गोड होता. मी स्वतः चाखलाय. दोनदा."

डॉक्टरने मान डोलावली आणि दुसरं काही विचारायला सुरुवात केली. ऋजुता त्याच्या मागे आत गेली.

"दुधीच असणार," ती म्हणाली. "तेच धरून चला."

"तुमचे वडील तर ठामपणे सांगतायत."

इथे खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांच्या तोंडात माझी पट्टी आहे आणि तिच्यातलं कडू मी बंद केलंय. वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्याच्यामागे समिती आली, सर आले, नियम आला, आणि ऋजुताच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. घशाचा कॅन्सर होता. त्यांना आता चव नीट कळत नाही."

आईवर योग्य उपचार सुरू झाले. कडू दुधीच्या विषाला उतारा नाही. सलाइन, रक्त, औषधं आणि वाट बघणं, एवढंच हातात. त्या अर्थी ऋजुताने वेळेवर तोंड उघडलं, आणि स्वतःची समजूत घालायला तिला तेवढं पुरलंही. पण बाहेर येऊन तो डॉक्टर अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाला, "काका, तुम्हाला चव कळत नाही ना आता? मग दुसऱ्यासाठी चाखायचं कशाला?"

अण्णांनी ऋजुताकडे बघितलं. तिने भिंतीवरच्या सूचनांकडे बघितलं.

आई वाचली. पण तिला जनरल वॉर्डात आणलं तोवर अण्णा निम्मे झाले होते. ते दवाखान्याच्या बाकावर बसून असायचे. खायला दिलं की, "नको. या जिभेला काय द्यायचं," म्हणायचे. ऋजुता डबा उघडून धरायची, पुन्हा बंद करायची. आता पट्टी चालू असूनही घास जात नव्हता, आणि यावर फोनमध्ये कुठलंच बटण नव्हतं.

दवाखान्याच्या चहाच्या टपरीजवळ इनामदार सर भेटायला आले. ऋजुताने त्यांना सगळं सांगितलं. शून्य, भुंगेरा, डॉक्टरला मारलेली थाप, सगळं. सर बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती.

"आई बऱ्या आहेत ना आता?" शेवटी ते म्हणाले. "दुधीचा आणि पट्टीचा संबंध कुणी लावलेला नाही. समितीसमोर तू आपणहून कशाला काढतेस? किती लोक या पट्टीची वाट बघतायत, तुला माहीत आहे. नियम आपला होताच. मोडलास तो तू, घरी."

ते खोटं बोलत नव्हते, तेच तर वाईट होतं. नियम त्यांचा होता आणि मोडला होता तिने. गप्प बसायची एवढी सोयीची वाट कुणी हाताने आखून दिली नसती.

वर वॉर्डात आली तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. आवाज अजून चिरका होता. अण्णा पेजेची वाटी धरून तिला चमच्याने भरवत होते. चमचा तिच्या तोंडाजवळ नेण्याआधी तो स्वतःच्या ओठांना लावून बघायची त्यांची जुनी सवय. आजही चमचा ओठांपर्यंत गेला आणि तिथून दचकल्यासारखा मागे आला.

"तू बघ गं, ऋजू," त्यांनी वाटी पुढे केली. "मी नको. मी हिला मारली असती."

ऋजुताने वाटी घेतली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. "अण्णा, तुमची जीभ चुकली नाही," ती म्हणाली. "तुमच्या पट्टीतलं कडू मी पूर्ण बंद केलंय. नियमात बसत नव्हतं तरी केलं. तुम्हाला विष दिलं असतं तरी गोड लागलं असतं. आणि डॉक्टरला तुमच्या आजाराचं खोटं कारण मीच सांगितलं."

अण्णांनी विचारलं, "म्हणजे तो रस मला खरंच गोड लागला होता?"

"हो."

"मी हिच्याशी खोटं नाही बोललो?"

"नाही, अण्णा."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतायत असं ऋजुताला वाटलं. पण हात काढले तेव्हा चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेला राग होता.

"बटण दाबलंस ते माझ्यासाठी. ते मी समजतो," ते म्हणाले. "पण हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिथं बाहेर बाकावर बसून कुढत होतो, ते बघत होतीस तू. रोज डबा घेऊन येत होतीस. आणि बोलली नाहीस?"

बेडकापासून इथपर्यंत प्रत्येक वेळी ऋजुताला माहीत होतं, आणि प्रत्येक वेळी ती सूचनांच्या फलकाकडे बघत उभी राहिली होती. तिने हात जोडले. आईचे पाय पांघरुणाखाली होते, तिथे डोकं टेकवलं.

"मला क्षमा कर, आई. अण्णा, तुम्हीही."

आईचा हात तिच्या केसांत आला. सलाइनची पट्टी अजून चिकटलेली होती, ती केसांत अडकत होती. "केली गं," आई म्हणाली. "क्षमा कशाला धरून ठेवायची." मग जरा वेळाने, "त्या बेडकाचीपण माग."

समितीसमोर ऋजुताने काहीही न झाकता सगळं सांगितलं. पट्टीचं काम थांबलं, तिची प्रयोगशाळेतली जागा गेली. इनामदार सर त्यानंतर तिच्याशी बोलले नाहीत. बाहेर पडायच्या दिवशी ती मागच्या आवारात, कडुनिंबाखाली, जाऊन उभी राहिली. पहारेकरी बघत होता. तिने हात जोडले. कसंतरी वाटायचं ते वाटलंच, पण आता त्याचं काही एवढं नव्हतं.

अण्णांची पट्टी समितीच्या परवानगीने निम्म्यावर राहिली. अन्न त्यांना अर्धं कडू लागतं. तोंड वाकडं करत का होईना, जेवतात. ऋजुताशी आधी पाण्याविषयी बोलू लागले, मग हळूहळू इतर गोष्टींविषयी. भाजीचं खातं मात्र त्यांनी कायमचं सोडलं.

आईला डॉक्टरांनी दुधीचा रस बंद करायला सांगितला. पण दुधीची भाजी तिला मनापासून आवडायची. घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिने ओट्यावर दुधी घेतला, उजेडात धरून फिरवून बघितला, अळी नव्हती. देठाकडची चकती कापली आणि ऋजुताच्या तळहातावर ठेवली.

"बघ गं."

ऋजुताने ती तोंडात टाकली. सावकाश चावली, जिभेच्या पार मागेपर्यंत नेली. इतक्या लक्षपूर्वक तिने आयुष्यात काही चाखलं नव्हतं. कडूचा मागमूस नव्हता.

"गोड आहे, आई."

आईने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. ती लेकीकडे बघून नेहमीसारखी हसली. मग तिने सुरी उचलली, दुधीची आणखी एक चकती कापली, आणि स्वतःच्या जिभेवर ठेवली.